कासला जायचंय: कॅमेरा रॉवर ठेवू की जेपेगवर?

मेघवेडी:
नमस्कार मंडळी. भावाचा जुना डीएसएलआर दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. २४ मेगापिक्सेल, सोबत आलेली साधी लेन्स. गेल्या सप्टेंबरात कासला सगळं जेपेगमध्ये काढलं. गेंदाची फुलं म्हणजे नुसते पांढरे ठिपके आलेत, गोंड्याचा पोतच दिसत नाही. धुक्यातली सीतेची आसवं ही फुलंही जांभळी न दिसता निळी दिसतात. यंदा आईला घेऊन जातेय आणि तिच्यासाठी एक फोटो १२ बाय १८ इंच छापून घ्यायचाय. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅमचा. रॉच्या, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलींच्या, वाटेला जावं का?

गडवाट:
ताई, कासपुरतं तरी नक्की जा. तुमच्या दोन्ही तक्रारी नेमक्या रॉने हलक्या होणाऱ्या आहेत.

जेपेग काढताना व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंगांची जुळणी), कॉन्ट्रास्ट, शार्पनेस हे सगळं कॅमेराच ठरवतो, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. रॉमध्ये सेन्सरने टिपलेलं बहुतेक सगळं राहतं: १२ बिट असेल तर ४,०९६ पायऱ्या, १४ बिट असेल तर १६,३८४. व्हाइट बॅलन्स तर रॉमध्ये फोटोत मुरलेला नसतोच, फक्त एक नोंद असते. म्हणून निळी पडलेली आसवं घरी बसून पुन्हा जांभळी करता येतात. जेपेगमध्ये तेच करायला गेलात तर रंग फाटतात.

पांढऱ्या फुलांचं मात्र नीट ऐका. सेन्सरच प्रकाशाने काठोकाठ भरला असेल तर रॉमधूनही काही परत येत नाही. जेपेगमध्ये जळालेलं दिसतं त्यातलं थोडंफार रॉमध्ये वाचलेलं असतं, एवढंच. गेंदाच्या ताटव्यासमोर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे ०.७ वर आणा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघा. रॉ काढत असलात तरी कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम आतल्या जेपेग नमुन्यावरून बनतो, त्यामुळे तो जरा लवकरच घाबरवतो.

मैदानावर:
माझं मत वेगळं आहे. मी मुलांचे कबड्डीचे सामने काढतो आणि गेली कित्येक वर्षं जेपेग फाइनवरच (वरच्या दर्जाच्या जेपेगवर) आहे. रॉवर सलग फोटो काढले की बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली तात्पुरती जागा) भरतो आणि नेमक्या पकडीच्या क्षणी कॅमेरा अडतो. छपाईची काळजी करू नका. १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३,६०० × ५,४०० पिक्सेल लागतात, तुमचा कॅमेरा ४,००० × ६,००० देतो. एक्स्पोजर जागेवर बरोबर घेतलं तर छापलेल्या कागदावर फरक ओळखणं कठीण जाईल.

गडवाट:
कबड्डीसाठी पूर्ण मान्य. पण कासला प्रकाश दर दोन मिनिटांनी बदलतो. ढग आला, गेला, मध्येच ऊन. आणि फूल पळून जात नाही, त्यामुळे बफरचा प्रश्नच येत नाही.

जुनी_पेटी:
मेघवेडी, कॅमेऱ्यात रॉ + जेपेग असा पर्याय असेल, तो घ्या. दोन्ही मिळून एका फोटोला साधारण ३५ ते ४० एमबी लागतील, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात दीड हजारांच्या आसपास फोटो मावतात. आईला संध्याकाळी दाखवायला जेपेग तयार. रात्री त्यातून बरे वाटणारे वीस-पंचवीस निवडा आणि फक्त त्यांच्याच रॉ फाइली उघडा. जुन्या लॅपटॉपवर एवढं निभतं. रॉ उघडायची डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअरही बघा, रंग पटकन जुळतात.

एक मनापासून सांगते. आजीचा एकच चांगला फोटो होता माझ्याकडे, जेपेग. कुणाला तरी पाठवायला म्हणून लहान केला आणि त्याच नावाने सेव्ह केला. मूळ गेला तो गेलाच. जेपेग नुसता उघडल्याने किंवा कॉपी केल्याने खराब होत नाही, पण बदल करून सेव्ह केला की दर वेळी थोडी माहिती जाते. रॉचं मला सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं: तुमचे बदल वेगळ्या छोट्या फाइलीत राहतात, मूळ फाइलीला हात लागत नाही.

मेघवेडी:
जुनी_पेटी, वाचून वाईट वाटलं. रॉ + जेपेग ठरलं. दोन शंका आहेत. छपाईला टिफ (दर्जा न घटवता फोटो ठेवणारी मोठी फाइल) देऊ का? आणि आईच्या आयफोनमध्ये फोटो जेपेगऐवजी एचईआयसी या प्रकारच्या फाइलीत येतात, त्यांचं काय करू?

जुनी_पेटी:
टिफ नको. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ न दाबता ठेवली तर १४४ एमबीच्या घरात जाते, आणि आपल्याकडच्या बहुतेक लॅब जेपेगच मागतात. रॉवरून एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, सर्वांत वरच्या दर्जाचा जेपेग काढून द्या.

एचईआयसी आहे तसंच राहू द्या, कमी जागेत चांगलं मावतं. लॅबला किंवा जुन्या संगणकावर द्यायचं असेल तेव्हा जेपेग प्रत काढा, मूळ ठेवून. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो.

गडवाट:
आणि निघायच्या आधी घरीच एकदा जाईच्या किंवा तगरीच्या पांढऱ्या फुलावर दहा-बारा रॉ काढून, उघडून बघा. सॉफ्टवेअर तुमच्या कॅमेऱ्याच्या फाइली वाचतंय ना, हे साताऱ्याला पोचायच्या आधी कळलेलं बरं.