इन्स्टॉल स्क्रिप्टसाठी हाताशी ठेवायची फंक्शन्स: तुम्ही कोणती वापरता?

खटपट्या:
मंडळी, सल्ला हवाय. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं छोटं टूल पायथनमध्ये लिहिलंय. वापरणारे प्रकाशनातले लोक: संपादकांकडे विंडोज, मांडणी करणाऱ्यांकडे मॅक, सर्व्हरवर उबुंटू लिनक्स. इन्स्टॉलची स्क्रिप्ट बॅशमध्ये (कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) आहे; ती माझ्या लिनक्सवर मस्त चालते, मॅकवर ‘सेड -आय’पाशीच (फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलणारी कमांड) अडून बसते. ओएस ओळखणं, चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का, हे सांगणारा आकडा) तपासणं, पाथ जोडणं, यासाठी कुठला तयार संच घ्यावा की आपली आपणच फंक्शन्स लिहावीत?

टर्मिनलकाका:
आपलीच लिहा, पण मोजकी. तयार संच घेतलात तर आधी तोच इन्स्टॉल करायची पंचाईत.

लिनक्सवर ग्नूचा सेड असतो, मॅकवर बीएसडीचा. मॅकवाल्याला -आयच्या पुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन लागतंच, रिकामं का होईना. ते दिलं नाही की तो तुमची अख्खी सेड कमांडच एक्स्टेन्शन समजतो. -आय सोडून द्या. आउटपुट तात्पुरत्या फाइलमध्ये घ्या आणि मग ‘एमव्ही’ने मूळ फाइलच्या जागी हलवा, दोन्हीकडे चालतं.

दुसरं, ओएसचं नाव विचारत बसू नका. हवं ते टूल मशीनवर आहे का, एवढंच विचारा. चेकसमचंच घ्या. लिनक्सवर ‘शा२५६सम’ असतं, मॅकवर ‘शासम -ए २५६’ हमखास मिळतं. ‘कमांड -व्ही’ने पहिलं सापडतंय का बघा, नसेल तर दुसरं, दोन्ही नसतील तर स्वच्छ मेसेज देऊन थांबा. चार ओळींचं फंक्शन होतं. शोधायला ‘व्हिच’ टाळा, ते पॉझिक्समध्ये (युनिक्सछाप सिस्टम्सच्या सामायिक मानकात) नाही.

आणि हो, मॅकसोबत येणारा बॅश अजून ३.२ च आहे. पुढच्या आवृत्त्यांचा मुक्त-सॉफ्टवेअर परवाना जीपीएल ३ झाला आणि ॲपलने तिथेच ब्रेक लावला. त्यामुळे बॅश ४ मध्ये आलेले असोसिएटिव्ह ॲरे (नावाने किंमत शोधायच्या याद्या) विसरा.

सातारी_शेल:
काकांशी सहमत. उबुंटूवर ‘/बिन/एसएच’ म्हणजे बॅश नव्हे, २००६ पासून तिथे डॅश हा छोटा शेल आहे. पहिल्या ओळीत एसएच लिहून खाली डॅशला न कळणारे दुहेरी चौकोनी कंस वापरलेत की बोंब. शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं टूल) चालवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

साफसफाईचं फंक्शन लिहिताना मात्र जपून. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम्सच्या ॲपच्या स्क्रिप्टचा किस्सा गाजला होता: फोल्डरचा पाथ ठेवणारं व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि ‘आरएम -आरएफ’ (सगळं न विचारता पुसणारी कमांड) थेट रूटपासून, म्हणजे डिस्कच्या मुळापासून सुरू झालं, लोकांचा डेटा साफ. व्हेरिएबलच्या नावापुढे विसर्ग-प्रश्नचिन्ह लावलं (म्हणजे कोलन, पण दिसतो विसर्गच) की रिकामं असल्यास शेल जागीच थांबतो.

मृदुला_म:
विंडोजबद्दल कुणीच बोलत नाहीये! संपादकांना कृपा करून डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) लावायला सांगू नका, ते टूलच सोडून देतील.

पायथन लागणारच आहे ना? मग ही फंक्शन्सही पायथनमध्येच लिहा. ‘शटिल.व्हिच’ प्रोग्रॅम शोधतं, ‘पाथलिब’ तिरक्या रेघांचा घोळ मिटवतं, ‘हॅशलिब’मुळे काकांचं चेकसम प्रकरणच संपतं. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे दर वेळी लिहा. नाहीतर विंडोजवर पायथन बहुधा सिस्टमचं कोडपेज (जुनं, मोजक्या अक्षरांचं एन्कोडिंग) धरतो, आणि युजरचं नाव देवनागरीत असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये पाथ लिहितानाच एरर येते. तुमच्या गिऱ्हाइकांत असे लोक निघणारच.

आणि शेल फाइल्सचा ओळशेवट गिटमध्ये एलएफवर (लिनक्स-मॅकच्या पद्धतीवर) बांधून ठेवा. विंडोजच्या ओळशेवटासकट लिनक्सवर पोचल्या तर इंटरप्रिटर सापडत नाही म्हणून रडतात.

खटपट्या:
मृदुलाताई, मग पायइन्स्टॉलरने पायथनसकट सगळं बांधून सरळ एकच फाइल करून देऊ का?

मृदुला_म:
चालेल, पण ज्या ओएसवर बांधाल त्याच ओएसची फाइल मिळते. मॅकची फाइल लिनक्सवर होणार नाही. संपादकांना ती द्या. बाकीच्यांना पाइपएक्स (पायथनची टूल्स स्वतंत्र कप्प्यात बसवणारं) पुरे. उबुंटू २४.०४ वर सिस्टमच्या पायथनमध्ये पॅकेज बसवायला साधं पिप तसंही नकार देतं. तो नकार मोडायचा फ्लॅग आहे, तो स्क्रिप्टमध्ये घालू नका. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ही दादागिरी बरी नव्हे.

खटपट्या:
ठरलं तर. विंडोजला बांधलेली फाइल, बाकी दोघांना पाइपएक्स, बॅशमध्ये फक्त ‘पायथन आहे का’ एवढी तपासणी. एकच राहिलं: एका मॅकवर होमब्रूचा (मॅकवर टूल्स बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरचा) पायथन सापडतो, दुसऱ्यावर नाही. पाथ स्क्रिप्टमध्ये लिहून टाकलाय.

टर्मिनलकाका:
तिथेच माशी शिंकली. इंटेल मॅकवर होमब्रू ‘/यूएसआर/लोकल’मध्ये बसतं, ॲपल सिलिकॉनवर ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये. पाथ काढून टाका, होमब्रू कुठे बसलंय ते ‘ब्रू --प्रिफिक्स’ला विचारा. खुद्द ब्रूच सापडत नसेल तर या दोन जागा तपासा.