मदत हवी आहे: गेटबाहेर पाऊलच टाकत नाही
आमची दीड वर्षाची इंडी (देशी) कुत्री, तीन महिन्यांपूर्वी दत्तक घेतलेली. घरात मस्त खेळते. सोसायटीच्या गेटपाशी मात्र चारही पाय रोवते, शेपूट पोटाखाली, नुसती धापा टाकते, उकडलेलं चिकन नाकाशी धरलं तरी तोंड फिरवते (घरात त्याच चिकनसाठी जीव टाकते!). पट्ट्याऐवजी हार्नेस घातला, पहाटे साडेपाचला नेऊन पाहिलं. ओढत कधीच नेलं नाही. पण एक रिक्षा फटफटली की सगळं मुसळ केरात. डॉक्टरांनी तपासलंय, दुखणं काही नाही. शी-शू बाल्कनीत होते, त्यामुळे घाई नाही. फक्त आम्ही पुण्यात, आणि महिन्याभरात ढोल-ताशाचा सराव सुरू होईल. तोवर गेटपाशी नेणं बंद ठेवून जिन्यापर्यंतच सवय करावी, की रोज पाच मिनिटं का होईना, गेटपाशी नेत राहावं?