लंडनमध्ये एकच मोकळा दिवस, सासूबाईंचा गुडघा आणि १०० पौंड – सल्ला हवा

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. जूनमध्ये नणंदेकडे वेंबलीला चाललोय. लग्नकार्य असल्याने फिरायला एकच दिवस मोकळा, गुरुवार. आम्ही चौघं: मी, नवरा, लेक (वय ९) आणि सासूबाई (वय ७१). सासूबाईंना जिने चढवत नाहीत, सपाटीवर मात्र माझ्यापुढे चालतात. प्रवास, तिकिटं, खाणं सगळं धरून १०० पौंडांत बसवायचंय. सासूबाई ग्रीनिच म्हणतायत, पण ते फार बाजूला पडतं ना?

फिरस्ता_७०
लंडन आय चुकवू नका. १३५ मीटर उंची, अर्ध्या तासाची फेरी, अख्खं शहर पायाखाली. रांग नको असेल तर जास्तीचे पैसे भरून पुढे जाता येतं, आम्ही तेच केलं. दुपारी खाजगी गाडी करून विंडसर. किती झाले विचारू नका, पण वसूल!

खमंग_थालीपीठ
ग्रीनिच कशाला हो? शून्य रेखांशाच्या धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून फोटो काढायचा, झालं ग्रीनिच. त्यापेक्षा टॉवर ऑफ लंडन. आपला कोहिनूर तरी डोळ्यांनी दिसेल.

बाराबंदी
आपला हिरा बघायला त्यांना पैसे मोजायचे? मी दारातून परत आलो.

खमंग_थालीपीठ
म्हणजे तुम्ही बघितलाच नाही. राजाच्या मुकुटात बसवलाय, झगझगीत.

बाराबंदी
राजाच्या नव्हे. १९३७ साली त्यांच्या राणीसाठी केलेल्या मुकुटात आहे. न बघता माहीत आहे मला.

टेम्सकाठी
कोहिनूरसाठी वेगळा धागा काढा की. चौदा वर्षं इथे राहतेय, म्हणून कामाचं सांगते. ११ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर ट्यूब (भुयारी रेल्वे) आणि बस फुकट, म्हणजे लेकीचं भाडं शून्य. बसमध्ये रोख चालत नाही. मोठ्यांनी प्रत्येकी वेगळं कार्ड ठेवा. एका बसचं भाडं भरलं की तासाभरात पुढच्या बसेसना वेगळं पडत नाही. वेंबली पार्कहून ज्युबिली लाईनने थेट वेस्टमिन्स्टर, दोन्हीकडे लिफ्ट आहे. साउथ केन्सिंग्टनला मात्र जिने आहेत, म्हणून डायनासोरचं म्युझियम (प्रवेश फुकट) करायचं तर तिथे बसनेच जा.

नवी_मुंबईकर
टेम्सकाठींना +१, आणि कार्डाचं नीट लक्षात ठेवा. आमच्या ह्यांनी आत जाताना मोबाईल टेकवला आणि बाहेर पडताना पाकिटातलं कार्ड. खातं तेच, तरी मशीनला ते दोन वेगळे प्रवासी वाटले. दोन्हीकडून जबर भाडं कापलं गेलं, आणि वर ह्यांचं म्हणणं, तूच पाकीट पुढे केलंस.

दशमी_चटणी
खाण्याचं कुणी बोलेना. आम्ही ज्या ठिकाणी शाकाहारी थाळी घेतली तिथे भात, डाळ आणि वरून बिल पाहून आलेला घाम. दशम्या, शेंगदाण्याची चटणी न्या, बागेत बसा. गरम हवं तर युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीट, शाकाहारी हॉटेलं आहेत.

फिरस्ता_७०
बकिंगहॅम पॅलेसला पहारेबदल राहिला. ११ वाजता, फुकट. आता तरी बजेटवाले खूश?

टेम्सकाठी
एरवी सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार असतो. त्यांचा गुरुवार आहे. धागा वाचा हो.

गणपुले_मास्तर
ग्रीनिचला मी जाऊन आलोय, निराशा. वेधशाळेच्या फाटकाशी चोवीस तासांचं जुनं घड्याळ आहे, ते चक्क तासभर मागे! जगाला वेळ सांगणाऱ्यांना स्वतःचं घड्याळ लावता येईना.

टेम्सकाठी
मास्तर, उन्हाळ्यात गेला होतात ना? उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे करतात. ते फाटकावरचं बारा महिने ग्रीनिचचीच वेळ दाखवतं. बरोबर तेच होतं.

खमंग_थालीपीठ
मी पण हेच म्हणते, ग्रीनिच नको. त्यात वेधशाळा टेकडीवर. आजींना चढवणार कसं?

चुकलेला_वाटसरू
ग्रीनिचला जायचंच असेल तर नॉर्थ ग्रीनिचला उतरू नका. नावाला भुललो. बाहेर आलो तर पुढ्यात एक अवाढव्य पांढरा तंबू. मुलगा विचारतो, बाबा, शून्य रेखांश ह्याच्या आत आहे का? तिथून बस पकडावी लागली. कॅनरी वॉर्फला डीएलआर (तिथली छोटी रेल्वे) घ्या आणि कटी सार्कला उतरा. आणि चढ नको असेल तर ५३ नंबरची बस वरून, ब्लॅकहीथच्या अंगाने जाते. त्या बाजूच्या फाटकातून वेधशाळेपर्यंत बागेतला रस्ता सपाट आहे.

फिरस्ता_७०
नऊ वर्षांच्या मुलीला रेघ दाखवणार? लंडन आय!

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार, कालच परत आलो. तुमच्यातल्या बहुतेकांचं न ऐकता आख्खा दिवस ग्रीनिचला काढला. कारण आधी लिहायला हवं होतं: सासूबाईंनी कराडला ३२ वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी पृथ्वीगोलावर बोट ठेवून "ही शून्याची रेषा" सांगायच्या, स्वतः कधी पाहिली नव्हती.

वाटसरूंची ५३ नंबर घेतली, गुडघ्याने हूं का चूं केलं नाही. आतल्या अंगणातल्या रेषेला तिकीट आहे म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "रेषा ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जाते, ह्यांच्या अंगणात संपते का?" बाहेर भिंतीखालच्या पायवाटेवर तीच पट्टी फुकट सापडली. फोटो राहिला बाजूला. चपला काढून त्या पट्टीवर उभ्या राहिल्या आणि नातीला गणित घातलं: आपली वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाची, एका अंशाला चार मिनिटं, तर फरक किती? लेकीने भिंतीला टेकून बोटांवर केलं, ३३० मिनिटं, साडेपाच तास. मग घड्याळात साडेचारच का दिसतात यावर दोघींचं वाजलं. मास्तर, तुमचं फाटकावरचं घड्याळ तिथे कामी आलं.

एक वाजता वेधशाळेच्या छतावरचा, वेळ दाखवणारा लाल गोळा खाली पडतो, १८३३ पासून पडतोय. सासूबाई पंधरा मिनिटं आधीपासून मान वर करून. गोळा पडला नेमका तेव्हा नवरा दशमीचा डबा उघडत होता, त्याचं राहिलं. खाली मेरिटाइम म्युझियम (फुकट), बाजारात एकेक आइस्क्रीम. हिशोब: ४७ पौंड.

फिरस्ता_७०
म्हणजे ५३ उरले. लंडन आयला एक जण तरी जाऊन आला असता.