म्युरेट म्हणजे नक्की काय?

म्युरेट ऑफ पोटॅश ह्या खताच्या नावातला म्युरेट आपल्या 'मुरणे' वरून आलाय का असं एकाने विचारलंय. तर नाही, पण अर्थ फिरून लोणच्याच्या बरणीपाशीच येतो हे मला फार आवडतं. लॅटिनमधे मुरिया म्हणजे खारं पाणी, ज्यात मासे वगैरे खारवून ठेवायचे ते. त्यावरून मिठापासून काढलेल्या आम्लाला म्युरिॲटिक ॲसिड म्हणायला लागले (आपलं हायड्रोक्लोरिक) आणि त्याच्या क्षारांना म्युरिएट, आपल्याकडे बोलताना त्याचं म्युरेट झालं. म्हणजे म्युरेट = क्लोराइड, बस.

आता सरळ क्लोराइडच का नाही म्हटलं, तर क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. शील ह्या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मधे हा वायू तयार केला होता, पण प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच असं लाव्हाझिए ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं मत, त्यामुळे ह्या वायूलाही ऑक्सिम्युरिॲटिक ॲसिड म्हणत राहिले, आणि त्यातून ऑक्सिजन काही निघेना. शेवटी १८१० मधे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने ठणकावून सांगितलं की हे मूलद्रव्यच आहे आणि हिरवट पिवळ्या रंगावरून ग्रीक शब्द घेऊन क्लोरीन नाव ठेवलं. मग पुस्तकातून म्युरिएट गेला, बाजारात राहिला.

जुन्या पुस्तकात म्युरिएट ऑफ अमोनिया दिसलं तर नवसागर समजायचं. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात जी भुकटी टाकून कापडाने घासतो आणि भसकन पांढरा धूर उठतो, तोच. होमिओपॅथीतलं नॅट्रम मूर म्हणजे मीठ आणि काली मूर म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, हो, रसायन म्हणून खताच्या पोत्यात असतं तेच.

अजून एक, पोत्यावरच्या ०-०-६० (नत्र-स्फुरद-पालाश) मधले ६० टक्के पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशोबाने मोजतात, आणि ह्या क्षारात ऑक्सिजन मुळीच नसतो!

माझं मत विचाराल तर पोत्यावर म्युरेटच्या शेजारी ठळक मराठीत 'पोटॅशियम क्लोराइड' लिहायलाच पाहिजे. तंबाखूला क्लोराइड चालत नाही, पान नीट जळत नाही, म्हणून तिथे पोटॅशियम सल्फेटवालं ०-०-५० खत देतात. द्राक्षवालेही खारवट जमिनीत तेच बघतात. म्युरेट वाचून हे कुणाला कसं कळणार?