'नॉन-इनव्हेजिव्ह' मराठीत कसं म्हणायचं?

शेवग्याची शेंग: ओळखीच्या डॉक्टरांसाठी पेशंटना द्यायचं एक पान मराठीत करतेय. लघवी पूर्ण होत नसेल तर सोनोग्राफीवर मूत्राशय कसं तपासतात, असा विषय. 'नॉन-इनव्हेजिव्ह'ला अडलेय, म्हणजे शरीरात काही न घालता केलेली तपासणी. 'अनाक्रमक' लिहिलं तर बाबा म्हणाले, म्हणजे काय, मशीन अंगावर येत नाही?

खडीसाखर: 😂 'विनाछेद' करा की.

शेवग्याची शेंग: पण छेद दुसरीकडेही नाहीये ना. युरोडायनॅमिक्सला, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजायच्या तपासणीला, नळी घालतात, चिरत नाहीत. इथे नुसतं ओटीपोटावर जेल लावून प्रोब फिरवतात, मग लघवी करून या म्हणतात आणि परत बघतात किती उरली. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची गुणिले ०.५२, सगळं सेंटिमीटरमध्ये, की आले मिली. त्या उरलेल्याला 'अवशिष्ट मूत्र' म्हणू का?

जुनापेन: अवशिष्ट कशाला, 'उरलेली लघवी' म्हणा. मी प्रोस्टेटवाला, अनुभवी माणूस. एकदा बाहेर बाकावर दीड तास दाबून बसवलं, आत गेलो तर ती मुलगी म्हणाली काका रेसिड्यू १८०, मला वाटलं झालं, आता ऑपरेशन. पुढच्या वेळी वेळेवर घेतलं तर ६०. फार तुंबली की नीट रिकामी होतच नाही, हे पण लिहा त्या पानावर.

पोथीपंडित: मूत्राशय हा जडच शब्द. आयुर्वेदात सरळ 'बस्ती' आहे. एनिमालाही बस्ती का म्हणतात, तर पूर्वी त्याला पिशवी जनावराच्या मूत्राशयाचीच असायची.

खडीसाखर: 'बस्तीची तपासणी' वाचून लोक रेशनकार्ड घेऊन येतील.

वावर: आमची आजी फुकणा म्हणायची. बोकड कापला की पोरं तो धुऊन फुगवायची अन् दोरा बांधून दिवसभर खेळायची. फुंकणे वरून फुकणा.

पोथीपंडित: ग्राम्य आहे हो, छापता येणार नाही.

वावर: आणि लघवी काय, श्लोकातनं आली? लघुशंकेतली नुसती 'लघु' उरलीय तिथं.

शेवग्याची शेंग: अहो माझं नॉन-इनव्हेजिव्ह राहिलं!! सध्या 'सुई नाही, नळी नाही' असं लिहून ठेवलंय.

जुनापेन: बेस्ट. पेशंटला तेवढंच विचारायचं असतं.

खडीसाखर: पण वावर, फुंकणी म्हणजे चूल फुंकायची ना?

वावर: हो, लोखंडी.

खडीसाखर: म्हणजे परत नळीच आली.