जॉनी विल्किन्सनच्या टॅकलनेच त्याची कारकीर्द खाल्ली का?

दहानंबरी:
परवा एका मित्राशी इंग्लंडचा रग्बीपटू जॉनी विल्किन्सनवरून कडाक्याचा वाद झाला. त्याचं म्हणणं, "विल्किन्सन म्हणजे २००३ च्या विश्वचषक फायनलमधली एक किक, बाकी नुसत्या दुखापती. किकर होता तर किका मारायच्या, अंगावर कशाला जायचं?" मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

रग्बीत दहा नंबरचा खेळाडू, म्हणजे फ्लाय-हाफ, हा संघाचा सूत्रधार. बहुतेक संघ त्याला बचावात जपतात आणि प्रतिस्पर्धी मुद्दाम आडदांड गडी त्याच्याच अंगावर सोडतात. इंग्लंडला जॉनीला लपवावं लागत नव्हतं. तो स्वतः पुढे जाऊन टॅकल करायचा, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला धरून उलथवायचा. त्यामुळे इंग्लंडच्या बचावाच्या भिंतीला त्या जागी भगदाडच नव्हतं. माझ्या मते त्या संघाचं अर्धं बळ यात होतं. टॅकल काढून घेतलेला जॉनी हा जॉनीच नव्हे.

फिजिओताई:
दादा, तुमची कळकळ समजते, पण मी या दुखण्यांवर रोज काम करते. खांदा आदळून मान विरुद्ध बाजूला ताणली गेली की मानेतून हातात जाणाऱ्या नसा ओढल्या जातात. हातातून वीज गेल्यासारखं होतं, बोटं बधिर पडतात. दोन मिनिटांत बरं वाटतं आणि गडी पुन्हा मैदानात उतरतो. असं वारंवार झालं तर नस कायमची दुखावू शकते. विश्वचषक जिंकल्यावर काही महिन्यांतच जॉनीच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली. मग दंड, गुडघा, २००६ मध्ये तर मूत्रपिंडाला इजा. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर इंग्लंडसाठी पुन्हा उतरायला ११६९ दिवस लागले! वयाची २४ ते २७ ही वर्षं गेली. याला शौर्य म्हणून टाळ्या वाजवायला माझा हात उठत नाही. त्याला आवरायला हवं होतं, आणि ते काम प्रशिक्षकांचं होतं.

जुना_विंगर:
फिजिओताईंना +१. मुंबईत कॉलेजात असताना खेळलोय. आमच्या सरांचं एकच, "घुस!" गाल कुठे ठेवायचा, डोकं कुठल्या बाजूला घ्यायचं, हे कोणी शिकवलं नाही. आजही डावा हात डोक्यावर नेताना खांद्यात कट्ट आवाज येतो. त्याच विजेत्या संघातल्या स्टीव्ह थॉम्पसनला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो विश्वचषक जिंकल्याचंही आपल्याला आठवत नाही, असं त्याने जाहीर सांगितलंय. हे वाचलं त्या दिवशी मी तो सामना पुन्हा लावला आणि अर्ध्यात बंद केला.

दहानंबरी:
थॉम्पसनबद्दल बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. पण त्या शेवटच्या चढाईची सुरुवात त्याच्याच लाइनआउटच्या (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये परत फेकण्याच्या) फेकीने झाली होती, हेही विसरू नका. सिडनी, समोर ऑस्ट्रेलिया, १७-१७, जादा वेळेतलं शेवटचं मिनिट. फेक थेट मागे लुइस मूडीकडे. मग चेंडू पुरवणारा स्क्रम-हाफ डॉसन फट शोधून आत शिरतो. कप्तान जॉन्सन लगेच ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टेकवून मारलेली तीन गुणांची किक) घेऊ देत नाही, आणखी एकदा स्वतः चेंडू घेऊन धडकतो, कारण डॉसनला उठून पास द्यायला वेळ हवा. मग पास, आणि जॉनीचा उजवा पाय. तो डावखुरा किकर! त्याच सामन्यात त्याचे तीन ड्रॉप आधी हुकले होते. २०-१७.

चहा_आणि_स्क्रम:
दोघंही टॅकलवरच अडून बसलात. मला त्याचा सराव जास्त घातक वाटतो. सलग सहा किका मनासारख्या बसेपर्यंत मैदान सोडायचं नाही, नाताळच्या दिवशीसुद्धा! चिंता आणि नैराश्याबद्दल तो स्वतः मोकळेपणाने बोललाय. शरीर बसलेलं असताना मनाला सुट्टी नव्हती. ११६९ दिवसांचा खरा हिशेब तिथे आहे.

आणि परतला कोणत्या सामन्यात? फेब्रुवारी २००७, स्कॉटलंडविरुद्ध कलकत्ता चषक. कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा शिल्लक चांदीचे रुपये वितळवून घडवलेला हा चषक, नागाच्या मुठींचा आणि वर हत्ती. त्या दिवशी जॉनीने एकट्याने २७ गुण केले.

फिजिओताई:
मान्य, पण तो परतला म्हणून आधी गेलेली वर्षं भरून निघत नाहीत.

दहानंबरी:
ताई, नाही निघत. एवढं मी मागे घेतो. पण "बाकी नुसत्या दुखापती" हे शब्द मागे घे, असं त्या मित्रालाही सांगणार आहे. इंग्लंडसाठी ९१ सामने, ११७९ गुण. तिशीत फ्रान्समधल्या तुलाँ क्लबकडे गेला. २०१३ आणि २०१४, सलग दोन युरोपीय अजिंक्यपदं. शेवटचा सामना ३१ मे २०१४, फ्रेंच लीगची फायनल. तुलाँ १८, कास्त्र १०. त्या १८ पैकी १५ जॉनीचे. पस्तिशीत. आणि त्या मोसमातही टॅकल सोडलं नव्हतं.

जुना_विंगर:
ती फायनल मी पाहिलेली नाही. आज रात्री लावतो, या वेळी शेवटपर्यंत.