खेड्यातील खून आणि बेमेल बायकांची जोडी: या जोडीचे कथेत नेमके काम काय?

सांजवाचक

नमस्कार. इंग्लंडमधल्या खेड्यात घडणाऱ्या हलक्याफुलक्या खूनकथा मी अनेक वर्षे आवडीने वाचत आले आहे आणि या प्रकारात झालेल्या एका बदलाबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. अगाथा ख्रिस्तीची वृद्ध हौशी हेर मिस मार्पल १९२७ साली एका लघुकथेत आणि १९३० साली ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ या कादंबरीत प्रथम आली, तेव्हा उलगडा करायला ती एकटीच पुरेशी होती. आता एकटी हेर क्वचितच भेटते. २००३ साली सुरू झालेल्या ‘रोझमेरी अँड थाइम’ या ब्रिटिश मालिकेत वनस्पतींच्या रोगांची अभ्यासक आणि पोलीस दलात काम केलेली गृहिणी अशी जोडी आहे. रॉबर्ट थोरोगुड यांच्या २०२१ मधल्या ‘द मार्लो मर्डर क्लब’मध्ये तर तिघी आहेत: सत्त्याहत्तर वर्षांची शब्दकोडी रचणारी बाई, पैसे घेऊन लोकांची कुत्री फिरवणारी बाई आणि व्हिकरची (चर्चच्या धर्मगुरूची) पत्नी. (मार्लो हे थेम्सकाठचे छोटे शहर आहे, पण कथेची घडण खेड्याचीच आहे.)

माझी अडचण अशी आहे की या धर्तीच्या बऱ्याच पुस्तकांत एक बाई टापटिपीची आणि दुसरी धसमुसळी असते, दोघी पुस्तकभर एकमेकींना टोमणे मारतात आणि शेवटी महत्त्वाचा धागा योगायोगानेच हाती लागतो. दोघींपैकी एकीला कथेतून काढून टाकले तरी खुनी तोच सापडेल, असे वाटत राहते. मग त्यांचे न जुळणे तपासाच्या कामी येते की ते केवळ विनोदासाठी असते? शिवाय, माणूस मेलेला असतानाही या कथांचा हलकेपणा टिकतो कसा, हेही मला नीट उमगलेले नाही.

उलटतपासणी

आपली कसोटी योग्य आहे, पण ती मी थोडी वेगळ्या रीतीने लावतो. अशी जोडी समोर आली की मी पाहतो, कोणत्या घराचे दार एकीला उघडते आणि दुसरीला उघडत नाही. खेड्यातील खुनात पुरावा बोटांच्या ठशांत फारसा नसतो, तो लोकांच्या बोलण्यात असतो आणि लोक कोणाशी काय बोलतील हे समोरच्या बाईचे वय, वर्ग, लग्न आणि गावातले वास्तव्य यांवर ठरते. मोलकरीण जे स्वयंपाकघरात सांगेल ते दिवाणखान्यात सांगणार नाही, आणि कर्नलसाहेबांची पत्नी जे चहाच्या टेबलावर सहज बोलून जाईल ते इन्स्पेक्टरच्या वहीत कधीच उतरणार नाही.

या कल्पनेचे मूळ मिस मार्पलच्याही थोडे आधीचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या जनगणनेत, इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सतरा लाखांच्या आसपास अधिक असल्याचे दिसले आणि अविवाहित प्रौढ स्त्रियांचे काय करायचे, हा वृत्तपत्रांचा आवडता विषय होऊन बसला. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्सने १९२७ मधल्या ‘अननॅचरल डेथ’मध्ये या चर्चेला नेमके उलटे वळण दिले. तिचा हेर लॉर्ड पीटर विम्झी हा मिस क्लिम्प्सन नावाच्या प्रौढ अविवाहित बाईला पगारी नेमणूक देऊन गावात चौकशीला पाठवतो, कारण पोलिसाने विचारलेल्या प्रश्नाला लोक बिचकतात, तर अशा बाईने तोच प्रश्न विचारला तर तिच्या वयाच्या बाईने इतके कुतूहल दाखवायचेच, असे समजून मोकळेपणाने उत्तर देतात. समाजाने ज्यांना निरुपयोगी ठरवले त्यांचे दुर्लक्षित असणे हेच त्यांचे हत्यार झाले.

आता जोडीकडे येऊ. मिस मार्पल एकटी होती हे पूर्ण खरे नाही. १९४२ मधल्या ‘द बॉडी इन द लायब्ररी’त कर्नल बँट्री यांच्या घरात एका अनोळखी तरुणीचे प्रेत सापडते आणि त्यांची पत्नी डॉली मिस मार्पलला बोलावून घेते. दोघींचा पिंड सर्वस्वी वेगळा आहे. डॉली धनाढ्य, बागेत रमणारी, मनात येईल ते बोलून टाकणारी, आणि आपल्या घरात प्रेत सापडल्याची तिला आधी चक्क मौज वाटते. मिस मार्पल बेताच्या उत्पन्नात राहणारी, शब्द तोलून वापरणारी आणि माणसांविषयी नेहमी वाईटात वाईट शक्यता धरून चालणारी. मात्र आपल्या पतीविषयी गावात कुजबुज सुरू झाली की तो डाग आयुष्यभर पुसला जाणार नाही, हे लक्षात येताच डॉलीची मौज ओसरते. शिवाय दोघी समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात जाऊन राहतात, तेव्हा पाहुणी म्हणून तिथे वावरण्याचे निमित्त मिस मार्पलला या मैत्रीमुळेच मिळते. डॉलीला काढून टाका, उत्तर कदाचित तेच राहील, पण त्या उत्तराची कोणाला काही निकड उरणार नाही.

‘रोझमेरी अँड थाइम’मध्ये हेच दार व्यवसायाने उघडते. दोघी बागा सुधारण्याची कामे घेतात, त्यामुळे परक्याच्या आवारात दिवसच्या दिवस राहण्याचा, मातीत खोदण्याचा आणि मालक-नोकर दोघांशीही बोलण्याचा त्यांना रीतसर अधिकार मिळतो. निमित्त इतके चोख जमले आहे की मालिकेतील काही उलगडे ढिले असूनही मी ती आनंदाने पाहतो.

शेवटचे पान

वरील प्रतिसादातील दारांचा मुद्दा मान्य आहे, परंतु जोडीची किंमत किती मोठी असते याकडे त्यात दुर्लक्ष झाले आहे. एकटा हेर मनात काय विचार करतो हे लेखक लपवू शकतो, आणि रहस्यकथेचा शेवटचा धक्का त्या लपवण्यावरच उभा असतो. रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यांत हेराच्या मित्राने मनातला कोणताही विचार वाचकापासून दडवू नये आणि त्याची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी, असे गमतीने सांगितले आहे. या मांडणीत एक हेर आणि एक मदतनीस गृहीत आहे. दोघीही बरोबरीच्या हेर असतील आणि सतत एकमेकींशी बोलत असतील, तर एकीला सुगावा लागताच तो वाचकालाही कळणार. म्हणून अशा पुस्तकांत शेवटच्या काही प्रकरणांत हमखास भांडण होते, एक रुसून घरी जाते आणि दुसरी एकटीच, फोनही न करता, खुन्याच्या घरी जाऊन धडकते. हा प्रसंग इतक्या वेळा वाचला आहे की आता भांडण सुरू झाले की मी पुस्तकाची किती पाने उरली आहेत तेच पाहतो.

भांडण पुराव्याच्या वाटणीतून आले, तरच माझ्या मते ते क्षम्य आहे. एकीला अर्धी गोष्ट ठाऊक आहे आणि ती तिला क्षुल्लक वाटते, दुसरीकडे उरलेली अर्धी आहे आणि तिलाही ती क्षुल्लकच वाटते. दोघींचे पटत नसल्यामुळे ती क्षुल्लक गोष्ट एकमेकींना सांगण्याचे कारणच पडत नाही. वाचकाला मात्र दोन्ही अर्ध्या केव्हाच सांगून झालेल्या असतात. इथे लेखकाने काहीही लपवलेले नसते आणि तरीही उलगडा अडून राहतो.

विषवल्ली

शेवटचे पान यांनी जे म्हटले आहे त्याचा उत्तम नमुना १९३२ च्या ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ या संग्रहात आहे आणि त्यातही डॉली बँट्रीच आहे. ‘द हर्ब ऑफ डेथ’ या कथेत जेवणानंतर प्रत्येकाने एक रहस्य सांगायचे असते. आपल्याला गोष्ट सांगताच येत नाही अशी डॉलीची तक्रार असते आणि ती ते सिद्धही करते: सेजच्या (स्वयंपाकातल्या सुगंधी झुडपाच्या) पानांत फॉक्सग्लोव्ह या विषारी रोपाची पाने मिसळली गेली, सगळे आजारी पडले आणि एक मुलगी मेली, एवढे सांगून ती थांबते. मग इतरांना तिला प्रश्न विचारून एकेक माणूस आणि एकेक नाते बाहेर काढावे लागते. सारी माहिती एका बाईकडे आहे, पण तिला त्यातले महत्त्वाचे काय हे माहीत नाही. दुसरी, म्हणजे मिस मार्पल, त्या विषारी जेवणाला हजर नव्हती, तरी काय विचारायचे हे तिला पक्के ठाऊक आहे. पूर्ण कथा संभाषणात घडते आणि दोघींपैकी एकही वगळता येत नाही.

वनस्पतींच्या विषांबद्दल एक भर घालते. फॉक्सग्लोव्हमधील द्रव्य हृदयाच्या औषधातही वापरले जाते आणि ख्रिस्तीला अशा औषधांची माहिती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयातील औषधविभागात काम करताना मिळाली होती. विष मिळवण्यासाठी खुन्याला बाहेर जावे लागले तर माग राहतो, कारण ब्रिटनमध्ये १८५१ च्या कायद्यापासून आर्सेनिकच्या विक्रीची नोंद वहीत करून सही घ्यावी लागत असे. कुंपणालगतच्या रोपाला सही लागत नाही. म्हणून खेड्यातील कथेत बाग जाणणारी बाई आणि लोकांचे हेवेदावे जाणणारी बाई यांची गाठ घालून देणे हे विनोदाच्या सोयीइतकेच तपासाच्याही सोयीचे असते. एम. सी. बीटनच्या १९९२ मधल्या पहिल्या अगाथा रेझिन कादंबरीतही विष वनस्पतीचेच आहे. लंडनहून गावात राहायला आलेली नायिका अगाथा विकत आणलेला कीश (अंडी घालून भाजलेला खारा पाय) घरचा म्हणून स्पर्धेत ठेवते आणि तो खाऊन परीक्षक मरतो. स्वतःची लबाडी उघडी न पाडता तिला निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही, आणि ही अडचण मला त्या मालिकेतील नंतरच्या अनेक खुनांपेक्षा अधिक रंजक वाटते.

उलटतपासणी

हलकेपणाच्या प्रश्नाकडे सर्वांनी पाठ फिरवली आहे, म्हणून थोडे लिहितो. कवी ऑडेन याने १९४८ साली रहस्यकथेवर लिहिलेल्या निबंधात म्हटले होते की ज्या समाजात सारे सुरळीत आहे तिथेच प्रेत धक्कादायक ठरते, दिवाणखान्याच्या गालिच्यावर कुत्र्याने घाण करावी तसे ते अस्थानी वाटते. इंग्लिश खेडे त्यासाठी सोयीचे असते आणि मेलेला माणूस सहसा असा निवडतात की ज्याच्यासाठी कोणी फारसे रडणार नाही. पण जुन्या कथांच्या तळाशी एक कठोर गोष्ट होती, ती आज विसरली जाते. ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी १९६५ पर्यंत कायम होती, त्यामुळे मिस मार्पलने बोट दाखवले की त्या माणसाचा गळा दोरापर्यंत पोहोचत असे आणि तिला त्याची मुळीच हळहळ वाटत नसे. आजच्या जोड्यांच्या निष्कर्षाला तेवढे वजन नाही, म्हणून विनोद सोपा झाला आहे आणि थोडा स्वस्तही.

सांजवाचक

सर्वांचे आभार. डॉली बँट्रीकडे मी आजवर केवळ गमतीदार शेजारीण म्हणून पाहत होते. आता एकच उपप्रश्न: पोलीस या बायकांना इतके जवळ येऊ देतात, हे पटण्यासारखे कसे करावे?

शेवटचे पान

ख्रिस्तीने स्कॉटलंड यार्डचे (लंडन पोलिसांचे) निवृत्त आयुक्त सर हेन्री क्लिदरिंग यांना मिस मार्पलचे चाहते करून टाकले आणि प्रश्न एकदाचा मिटवला. ‘रोझमेरी अँड थाइम’मधल्या थाइमबाई स्वतःच पोलीस दलात होत्या. पण ओळखीपाळखीशिवायही एक वाट आहे आणि ती फार कमी लेखक वापरतात. इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूनंतर कॉरोनरची (मृत्यूचे कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी सर्वसाधारणपणे लोकांसाठी खुली असते. तिथे बसायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. साक्षीदार शपथेवर बोलत असताना एकीने त्याचे शब्द ऐकावेत आणि दुसरीने मागच्या बाकांवर बसलेल्या गावकऱ्यांपैकी कोण कोणत्या वाक्याला चुळबुळ करतो ते पाहावे. ज्या दोघींचे पटत नाही त्या एकाच बाकावर बसणार नाहीतच, त्यामुळे दोघींना दोन टोकांना बसवण्यासाठी लेखकाला वेगळे कारण शोधावे लागत नाही.